स्मृतीच्या महालातील प्रवास



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी प्रत्येकाचे मन मागे वळणे स्वाभाविक आहे. जी स्थळे आपण सोडली, किंवा ज्यांनी आपणांस सोडले, तेथे मनानेच कसे जावे आणि परतताना काय आणावे, याविषयी आम्ही दोन शब्द बोलू इच्छितो.

आपल्या या वस्तीचे नावच पाहा. महाल म्हणताच भोसल्यांचा राजवाडा आठवतो. काळ्या पाषाणाची, कोरीव लाकूडकामाने नटलेली ती वास्तू १८६४ साली आगीत भस्म झाली. परंतु नाव उच्चारताच ती न पाहिलेल्या आम्हांसही दिसू लागते. संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात स्मृतीला विस्तीर्ण प्रासादांची उपमा दिली आहे, ती किती यथार्थ आहे!

तथापि स्मृती ही पक्षपाती द्वारपाल आहे. ती दरबाराचे वैभव दाखवते. १८५४ साली राज्य खालसा होऊन राजघराण्याच्या चीजवस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा राण्यांच्या मनावर काय गुदरले असेल. तो काळा पाषाण वाहून मजुरांचे खांदे कसे सोलवटले असतील, हे ती आपण होऊन सांगत नाही. तेथे कल्पनेने दिवा धरावा लागतो.

या दिव्याचा उपयोग संत इग्नेशियस लोयोला यांस चांगला ठाऊक होता. १५२१ साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पाय मोडून ते अंथरुणास खिळले. पडल्या पडल्या ते मनोराज्ये करीत. शौर्याची व मानमरातबाची चित्रे रंगवताना आनंद होई, पण मागाहून मन कोरडे पडे. पायी यरुशलेमास जाण्याचा विचार केला की समाधान मागेही टिकून राही. मनाच्या प्रवासाची कसोटी ती हीच. जाताना किती गोड वाटले हे पाहू नये. परतल्यावर काय उरले ते पाहावे.

या कसोटीस उतरलेले उदाहरण आपल्या भाषेतच आहे. १८९५ साली रेव्हरंड ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी काही काळ त्यांचा व लक्ष्मीबाईंचा संसार याच नागपुरात होता. पतिवियोगाचे व लोकनिंदेचे दिवस भोगलेल्या लक्ष्मीबाई उतारवयात त्या सर्व बिऱ्हाडांतून मनाने पुन्हा हिंडल्या. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त त्यांनी दुःख लपवले नाही, पण परतताना कटुता आणली नाही, स्वतःवरही हसता येईल असे प्रसन्न मन मात्र आणले.

बंधुभगिनीहो, आपल्या घरोघरी असे प्रवासी आहेत. जिना उतरणेही ज्यांस अशक्य झाले, त्या आजी-आजोबांचा जुना वाडा पाडला गेला असेल, शेजार पांगला असेल. तरी डोळे मिटून ते अजून त्याच बोळातून जातात. “तेच ते काय सांगता?” असे म्हणून त्यांची वाट अडवू नये. त्यांच्या शेजारी बसावे आणि विचारावे: विहीर कोठे होती? ओसरीवर कोण बसे? आणि उंबऱ्याबाहेर कोणास थांबावे लागे?

हा शेवटचा प्रश्न विसरू नये. त्याचे उत्तर ऐकून आपल्या आजच्या घराचे दार थोडे अधिक उघडले, तर तो प्रवास सार्थकी लागला असे आम्ही समजू.