मुलाला ‘पचते’ म्हणजे काय?
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



“पोराला चांगली पचते हो!” असे कौतुकाचे उद्गार हल्ली आपल्या वरातींतून ऐकू येतात. १६-१७ वर्षांच्या मुलाच्या हाती पहिला पेला पुष्कळदा एखादा हौशी मामाच देतो. या ‘पचण्या’विषयीच मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रौढ मनुष्यास मद्य चढले की झापड येते, पाय लटपटतात, आणि निदान त्यामुळे तरी तो थांबतो. कोवळ्या मेंदूस ही झापड उशिरा येते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. (मुलांना मद्य पाजून प्रयोग कोण करणार? तो आपण वरातींत करतो!) स्मरणाचे केंद्र मात्र याच वयात मद्याने अधिक बधिर होते. म्हणून ताठ उभा राहून गप्पा मारणाऱ्या मुलास सकाळी त्यांतले काहीच आठवत नाही, असेही घडते. आवेगास लगाम घालणारा, कपाळामागील मेंदूचा भाग तर सुमारे २५व्या वर्षापर्यंत घडत असतो. आणि नेमकी त्याच वेळी मोटारसायकलची किल्ली खिशात असते. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ व कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे, ती उगाच नव्हे.

लिंबूपाण्याने वा थंड स्नानाने यकृताचे काम लवकर उरकत नाही. हाका मारूनही मुलगा जागा होत नसेल, तर लोकलज्जेस्तव दार लावून त्यास निजवू नये. ओकारी श्वासनलिकेत गेल्यास प्राणावर बेतते. त्यास कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे.