शाळेतली यंत्रे आणि घरातली माणसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असा निरोप आला तेव्हा विषयही मंडळानेच ठरवून दिला. "बाई, इतकी वर्षे नोकरी झाल्यावर तुम्ही पुन्हा कसला अभ्यास करता, तो आम्हांला कळेल असा सांगा," असे चिटणीसबाई म्हणाल्या. मी शिकते आहे त्या विषयाला शैक्षणिक तंत्रविज्ञान म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण त्यातला प्रश्न साधा आहे. मुलाला शिकवायला कोणते साधन घ्यावे, ते कसे वापरावे आणि त्याचा उपयोग झाला की नाही हे कसे ओळखावे? फळा हे साधन, पाटी हेही साधन. तसाच हल्लीचा मोबाईल आणि भिंतीवरचा मोठा पडदा. दिवसा मी वेळवंड खोऱ्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत असते आणि रात्री ही पुस्तके वाचते. त्यामुळे रात्री वाचलेले दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांसमोर आपोआपच तपासले जाते. त्यातले जे मला पटले ते आज सांगते.

नवे साधन आले की आता शाळेचा कायापालट होणार, असे सांगण्याची चाल फार जुनी आहे. एडिसनने १९१३ साली भाकीत केले होते की, शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि सगळे शिक्षण चित्रपटांतून होईल. त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली, पुस्तके अजून दप्तरात आहेत. आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. परंतु पुढे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी निघाली आणि मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार होऊ लागले. २०१७ साली ती संस्थाही बंद झाली. ही साधने निकामी होती असे मी म्हणणार नाही; त्यांतून पुष्कळांना पुष्कळ मिळाले. परंतु साधने आली, जुनी झाली, गेली, आणि प्रत्येक वेळी मुलाजवळ बसून त्याचे ऐकून घेणारे कोणी तरी लागलेच.

सरकारलाही हे कधी कधी उमगलेले दिसते. १९८७ साली खडू-फळा योजना आली. तिच्यात प्रत्येक प्राथमिक शाळेला फळा, नकाशे, पृथ्वीचा गोल, खेळणी अशी साधने द्यायची होती. पण त्याच योजनेत किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक हवेत, आणि त्यांतली शक्यतो एक स्त्री असावी, हेही लिहिले होते. साधनांच्या जोडीला माणूस मागितला, ही मला त्या योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

आमच्या अभ्यासात एक गाजलेला वाद आहे. रिचर्ड क्लार्क नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ साली असे मांडले की, साधन हे नुसते वाहन आहे. किराणा आणणारी गाडी बदलली म्हणून खाणाऱ्याचे पोषण बदलत नाही. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर दूध डेअरीत सायकलवरून गेले काय किंवा टेंपोतून गेले काय, त्याचा कस गोठ्यातच ठरलेला असतो. यावर रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९१ साली उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे की, एका साधनाने जे दाखवता येते ते दुसऱ्याने येत नाही, तेव्हा साधनाचे गुणही पाहिले पाहिजेत. हा वाद वाचताना मला दोघांचेही पटत होते. माझ्यापुरता त्याचा निकाल आमच्या तिसरीच्या वर्गात लागला.

आपल्या खोऱ्यातल्या बहुतेक लहान मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. त्यांचे मोठे पाणी म्हणजे भाटघरच्या धरणाचे. एके दिवशी मी शाळेच्या टॅबवर समुद्राची चित्रफीत लावली. लाटा अंगावर येताना पाहून दोघेतिघे मागे सरकले. मी तोंडाने कितीही वर्णन केले असते तरी हे झाले नसते. इथे कोझ्मांचे म्हणणे खरे ठरले. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "बाई, एवढं पाणी अडवलंय, मग भिंत कुठाय?"

भगिनींनो, या प्रश्नाला हसू नका. त्या मुलीने जन्मापासून जे मोठे पाणी पाहिले, ते भिंतीने अडवलेलेच पाहिले. तिचा विचार अगदी सरळ होता. पण चित्रफितीला तिचा प्रश्न ऐकू आला नाही. ती आपली पुढे चालू राहिली. मी टॅब बंद केला आणि मुलांना अंगणात नेले. काठीने मातीवर रेघा ओढल्या. आपली वेळवंडी नीरेला मिळते, नीरा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागराला. भाटघरची भिंत माणसांनी बांधली. समुद्राला भिंत लागत नाही, कारण तोच सगळ्यांत खाली आहे आणि सगळे पाणी उतरून त्याच्याकडे जाते. तेव्हा एक मुलगा म्हणाला, उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरले की कांबऱ्याला कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते, ते आजोबांनी त्याला दाखवले होते. मग पाण्याआधी तिथे काय होते, धरण कशाला बांधले, पाणी कोणाच्या शेताला जाते, असे प्रश्नांमागून प्रश्न निघाले. तो तास दुपारच्या सुट्टीपर्यंत लांबला.

त्या दिवसापासून मी प्रत्येक साधनाला एकच कसोटी लावते: याने मूल अधिक बोलके झाले की अधिक गप्प झाले? आमच्या शाळेत एका खोलीत दोन वर्ग बसतात. एका वर्गाला मी वाचन घेत असताना दुसऱ्या वर्गातली मुले जोडीजोडीने टॅबवर गणिते सोडवतात, तेव्हा त्या टॅबचे मोल मोठे असते. जोडीने बसली की ती एकमेकांशी भांडतात, समजावतात, उत्तर का चुकले ते शोधतात. तेच मूल एकटे पडद्यासमोर बसले की मान खाली घालून नुसते पाहत राहते.

२०२० साली मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर आले. त्या वर्षाने जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकात मला मिळाले नसते. आपल्या डोंगरकपारीच्या वाड्यांत मोबाईलला रेंज मिळायला टेकाड चढावे लागे. घरात फोन एकच. तो दिवसभर घरधन्याबरोबर बाहेर. संध्याकाळी परत आला की पहिला हक्क थोरल्या मुलाचा, मग धाकट्याचा. आणि मुलीची पाळी येईपर्यंत तिची भाकरी थापायची वेळ झालेली असायची. हे मी कोणाला दोष द्यायला सांगत नाही. पण साधन घरात आले म्हणजे ते सगळ्यांना सारखे मिळाले, असे समजू नये.

आम्ही शिक्षक तेव्हा स्वाध्यायाचे कागद घेऊन वाडीवाडीला जात होतो आणि ओट्यावर चार-चार मुले दूर दूर बसवून शिकवत होतो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ज्या घरात आई रोज "आज काय केलंस, मला सांग" असे विचारी, ती मुले फारशी मागे पडली नाहीत. त्यांतल्या काही आया चौथीसुद्धा शिकलेल्या नव्हत्या. मूल सांगताना चुकले हे त्यांना कळत नसेल. पण मूल स्वतः सांगता सांगता अडखळे आणि पुन्हा पुस्तक उघडून पाही. त्या विचारण्यातच मुलाची उजळणी होऊन जाई.

साधने महागच असावी लागतात असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसोरी पद्धतीची विकत मिळणारी साधने गरीब वस्तीला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने यांतून साधने तयार केली, आणि मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात आणि कुरणात नेली. दोन स्त्रियांनी केलेले हे काम शैक्षणिक तंत्रविज्ञानच होते.

आणि नव्या यंत्राचाही आपण आपल्या रीतीने उपयोग करू शकतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी मुळशीसारख्या डोंगरी भागातल्या बायकांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला, आणि पुष्कळ ओव्या गाणाऱ्या बायकांच्या आवाजात मुद्रित झाल्या. त्यावरून आम्ही शाळेत मुलांना सांगितले की, आजीकडून एक ओवी फोनवर उतरवून आणा आणि ती वहीत लिहा. एरवी दोन ओळी लिहायला कंटाळणारी मुले तीच ध्वनिफीत चार-चार वेळा ऐकून जोडाक्षरे नीट लिहू लागली. न कळलेला शब्द आजीला विचारायला परत घरी गेली. घराचा आवाज या फोनमुळे शाळेत आला.

आता शेवटचे, आणि आपल्या दोन्ही तालुक्यांच्या जिव्हाळ्याचे. वेल्ह्याला राजगड हे नाव देण्याचे राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मंजूर केले. पण नाव बदलले तरी वाड्या विरळ आणि पट लहान, ही स्थिती तीच राहते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले. त्यात नमुना म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर आपल्या पानशेतचे नाव होते. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा तेव्हा १४,००० हून अधिक होत्या. मोठ्या शाळेत मुलाला सोबती मिळतात, वर्गाला स्वतंत्र शिक्षक मिळतो, प्रयोगशाळा मिळते, हे खरे आहे. पण आषाढातल्या पावसात गाडी आली नाही तर सहा वर्षांची मुलगी घरीच राहते, आणि घरी राहिलेली मुलगी पुन्हा शाळेत यायला वेळ लागतो, हेही खरे आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, त्यामागे हाच विचार आहे.

कोणत्या वाडीला काय हितकर हे मी इथे उभी राहून सांगणार नाही. पण तो निर्णय तुम्हांला वगळून होऊ नये, एवढे निश्चित सांगते. २००९ च्या त्याच कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. तेव्हा सभेचा निरोप आला की "यांना पाठवते" असे म्हणू नका, स्वतः या. शाळेला किती यंत्रे मिळाली हे विचारा, पण त्याआधी किती मुले न अडखळता वाचतात ते विचारा. गाडी येणार असेल तर पावसाळ्यात ती कोण पाठवणार आणि मुलींबरोबर कोण बसणार, ते लिहून घ्या.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी मंडळाची खोली मुलांसाठी उघडावी. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनी तासभर द्यावा, आणि पहिली पाळी मुलींची ठेवावी. फोन नसेल त्यांनी नुसते येऊन बसावे आणि मुलांना विचारावे, "आज काय शिकलास, मला सांग." त्याला वीज लागत नाही आणि रेंजही लागत नाही.