दोन बटणांची टाकी आणि घरचे पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर आपण बालसंगोपन ऐकले, आहारशास्त्र ऐकले, संतांची चरित्रे ऐकली. परंतु संडासाच्या टाकीवर बोलायला कोणी उभी राहिल्याचे मला तरी आठवत नाही. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मीही तो हळूच सांगितला आणि त्यांनी पत्रिकेत नुसते 'पाण्याची काटकसर' एवढेच छापले! पण ज्या ठिकाणी घरातले पाणी सर्वांत अधिक वाया जाते, त्याचे नाव घ्यायला लाजून कसे चालेल?

आपण काटकसर करतो ती स्वयंपाकघरात आणि मोरीत. तांदळाचे धुवण तुळशीला घालतो, नळ उघडा राहिला तर मुलांवर ओरडतो. शहरातील घरासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाण्याचा हिशेब धरतात आणि त्यातले ४५ लिटर केवळ फ्लशसाठी असतात. म्हणजे तिसरा हिस्सा! पिण्यायोग्य केलेले पाणी आपण असे लोटून देतो.

आपल्या आई-आजीच्या वेळी डब्याने वा बादलीने पाणी टाकीत. लघवीला एक डबा, शौचाला अर्धी बादली. किती टाकायचे ते टाकणारी ठरवी. पुढे साखळीची टाकी आली, आणि साखळी ओढली की कारण लहान असो वा मोठे, दहा-बारा लिटर पाणी धो धो सुटू लागले. सोय झाली, पण किती पाणी घ्यावे हे ठरवण्याचा हक्क मात्र आपल्या हातून गेला.

तो हक्क दोन बटणांच्या टाकीने परत दिला. ऑस्ट्रेलिया हा कोरडा खंड. तेथील कॅरोमा या कंपनीतील ब्रूस थॉम्प्सन यांनी १९८० साली अशी टाकी तयार केली. मोठ्या बटणाला ११ लिटर आणि लहान बटणाला साडेपाच लिटर, असे तिचे प्रमाण होते. पुढे भांड्याची घडण सुधारली आणि हे प्रमाण ६ व ३ लिटरवर आले. सिंगापुरात तर २००९ पासून नव्या घरांत अशीच टाकी बसवावी लागते.

आता आपला घरगुती हिशेब मांडू. घरात चार माणसे, प्रत्येक जण दिवसातून पाच वेळा जातो. जुन्या टाकीचे दर खेपेस १० लिटर धरले, तर २०० लिटर झाले. दोन बटणांच्या टाकीत प्रत्येकाचे एकदा ६ आणि चार वेळा ३, असे १८ लिटर होतात, चौघांचे ७२. रोजची बचत १२८ लिटर! वीस बिऱ्हाडांच्या इमारतीत चार दिवसांत दहा हजार लिटरचा एक टँकर भरेल इतके पाणी वाचते.

हे मी कागदावर मोठ्या आनंदाने केले आणि टाकी बसवून घेतली. पण माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्याही सांगते, म्हणजे तुमच्या टळतील.

पहिली चूक ही, की भांडे जुनेच ठेवून वर नवी टाकी लावली. जुने भांडे जास्त पाण्यासाठी घडवलेले. तीन लिटरने ते स्वच्छ होईना, मग दोनदा दाबणे आले. बचत कोठली? भांडे आणि टाकी जोडीनेच घ्यावी.

दुसरी चूक ही, की कोणते बटण कशाचे, हे घरात कोणालाच सांगितले नाही. आमच्या घरात दोन्ही बटणे एकदम दाबण्याची रीत पडली आणि तशाने मोठेच पाणी सुटते. शेवटी भिंतीवर चिठ्ठी लावली. पाहुणे हसले, पण वाचून वागले.

तिसरी चूक मात्र मनाला लागून राहिली आहे. टाकीच्या आतले रबर झिजले किंवा त्यावर क्षार बसले, की पाण्याची बारीक धार भांड्यात सतत झिरपत राहते. आमच्याकडे ती कित्येक दिवस झिरपत होती आणि मला पत्ता नव्हता. एके दिवशी कामाच्या मावशी संडास धुताना थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, हा तर रात्रंदिवस झरा चाललाय. आमच्या पाड्यावर आई एका हंड्यासाठी टँकरची वाट बघत बसते."

मावशी शहापूर तालुक्यातल्या. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे त्याच तालुक्यात. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला येते आहे. आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळा आला की टँकर फिरतो. त्यांच्या डोळ्यांदेखत गेलेले पाणी माझ्या संडासात झिरपत होते. मला उत्तर सुचले नाही. त्याच दुपारी प्लंबरला बोलावले. रबर बदलायला त्याला अर्धा तासही लागला नाही.

माझ्या टाकीतले पाणी वाचले म्हणून ते उद्या त्या पाड्यावर पोचेल, असे मी म्हणणार नाही. त्यासाठी नळयोजना हव्यात, आणि त्या व्हाव्यात म्हणून बोलणेही आपले काम आहे. पण शहराची मागणी वाढतच राहिली, तर आणखी धरणे बांधली जातील तीही अशाच कोणाच्या तरी गावात. ती मागणी आपल्या घरापुरती आवरणे तर आपल्या हाती आहे ना?

म्हणून आज घरी गेल्यावर एवढे करा. टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका आणि अर्धा तास कोणालाही आत जाऊ देऊ नका. भांड्यात निळे पाणी उतरलेले दिसले, तर टाकी गळते असे समजा. जुनी टाकी बदलण्याची ऐपत आज नसेल, तर पाण्याने भरलेली लिटरची बाटली बूच लावून टाकीत उभी ठेवा; आतल्या दांड्याला ती अडू नये एवढे पाहा. दर खेपेस लिटरभर पाणी वाचेल. वीट मात्र ठेवू नका. ती झिजून तिचा चुरा रबरात अडकतो. आणि घराची दुरुस्ती निघेल तेव्हा फरशीचा रंग निवडण्याआधी टाकी निवडा.

पुढच्या महिन्याच्या सभेत कोणाकोणाच्या भांड्यात निळे पाणी दिसले, ते मी विचारणार आहे. तेव्हा कोणी लाजू नये. पहिला हात माझाच वर असेल.