उन्हाळ्याची गाणी आणि सुट्टीतली मराठी



वार्षिक परीक्षा संपते, वह्या-पुस्तके कपाटात जातात आणि वर्गांना कुलूप लागते. महाराष्ट्रातील मुलाच्या मराठीला या कुलपाची झळ पोहोचत नाही. ते जेथे खेळते तेथे मराठीच कानी पडते. इंदूरमध्ये मात्र गल्ली हिंदीत बोलते आणि बाजारही हिंदीतच चालतो. त्यामुळे सुट्टीच्या दीड-दोन महिन्यांत मुलांची मराठी कोण सांभाळते, हा प्रश्न येथील मराठी शाळेपुढे नेहमीच असतो. माजी विद्यार्थ्यांनी आपले बालपण आठवून पाहिले, तर बहुतेकांना त्याचे उत्तर एकच सापडेल. ती मराठी उन्हाळ्यातल्या गाण्यांनी सांभाळली.

माळव्यातील वैशाख कडक असतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की मेअखेरीस नवतपा सुरू होतो. लू वाहू लागते, दारे-खिडक्या बंद होतात, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडले जाते. गच्चीवर कुरडया आणि पापड वाळत असतात. मुलांना दुपारभर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी. कोंडलेल्या या मुलांचा एकच खेळ असे, तो म्हणजे गाण्यांच्या भेंड्या. ज्या घरात आजी पंच असे, तेथे हिंदी गाणे बाद ठरे. मग अडलेल्या अक्षरासाठी मराठी गाणे शोधण्याची जी धडपड होई, तो भाषेचा अभ्यासच होता. फक्त मुलांना त्याचा पत्ता नसे.

त्या गाण्यांत एक गंमत दडलेली आहे. भर उन्हाळ्यात मुलांच्या ओठी असणारी गाणी उन्हाची नसतात, पावसाची असतात. पैशाचे आमिष दाखवून पावसाला बोलावणारे पारंपरिक बडबडगीत घ्या. किंवा 1953 च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातील मोराचे गाणे घ्या. शब्द गदिमांचे, संगीत पु. ल. देशपांडे यांचे आणि स्वर आशा भोसले यांचा. मंगेश पाडगावकरांच्या गीतातील मूल तर भोलानाथाला विचारते, की शाळेभोवती तळे साचून सुट्टी मिळेल का. शाळेला सुट्टी लागलेली असतानाही मुले ते गीत तितक्याच तळमळीने गात. मनुष्य ज्याला पारखा असतो, त्याचेच गाणे गातो. म्हणून तापलेल्या माळव्यात ढगांची आणि आमराईची गाणी अधिक गोड लागली.

या गोडीतून व्याकरण शिकले गेले. हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. हिंदीच्या सहवासात वाढणारे मूल सहज ‘माझा घर’ म्हणून जाते. नपुंसकलिंगाचा नियम फळ्यावर कितीही वेळा लिहून दिला, तरी तो जिभेवर बसत नाही. चालीवर म्हटलेले ‘ते तळे’, ‘ते पाखरू’ मात्र पुसले जात नाही, कारण तेथे शब्द बदलला की तालच मोडतो. ‘ळ’चेही तसेच. प्रमाण हिंदीत नसलेला हा वर्ण मुलांनी वर्णमालेत वाचला आणि गाण्यात उच्चारला.

दुसरे आवडते गाणे आगगाडीचे, तेही गदिमांचेच. इंदूरच्या मुलांना ही गाडी कल्पनेतली नव्हती. इंदूरहून खंडव्याला जाणारी मीटरगेजची गाडी महू सोडले की विंध्याचा घाट उतरू लागे. पाताळपाणीचा धबधबा मे महिन्यात कोरडा पडलेला असे, पण खिडकीपाशी जागा मिळवण्यासाठी भांडण ठरलेले. कालाकुंडला कलाकंद मिळे. मोरटक्क्याच्या पुलावर मुठीतले नाणे नर्मदेत पडे, आणि खंडव्याला रुंद रुळांची गाडी धरली की भुसावळ, जळगाव येई. तेथे फलाटावरचा विक्रेता मराठीत ओरडला, की मुले एकमेकांकडे पाहून हसत. जी भाषा घरात आणि वर्गात बोलायची, ती येथे सर्वांचीच होती! ‘सुगरण’ आणि ‘शिकरण’ हे गाण्यातले शब्द त्यानंतर आजोळच्या स्वयंपाकघरात प्रत्यक्ष भेटत. आणखी एक योगायोग सांगण्याजोगा आहे. या छोट्या मार्गाच्या एका टोकाला, इंदूरला, लता मंगेशकर जन्मल्या आणि दुसऱ्या टोकाला, खंडव्याला, किशोर कुमार. दोघांचेही जन्मवर्ष 1929.

माळव्याने केवळ मराठी गाणे जपले असे नाही, त्याने आपलेही गाणे मराठी मनाला दिले. कुमार गंधर्व 1948 मध्ये क्षयावरील उपचारासाठी देवासला आले, ते येथील कोरड्या हवेसाठी. गाण्याची मनाई असलेल्या त्या काळात माळवी स्त्रियांची लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली, आणि पुढे त्यांच्या गायनात ती धून उमटली. आपली भाषा जपणे म्हणजे शेजारच्या भाषेला दार लावणे नव्हे, याचा याहून मोठा दाखला शोधण्याचे कारण नाही. ज्याचा कान एका भाषेत पक्का झाला, तोच दुसरीचे सौंदर्य ओळखतो.

आज गाणी दुर्मीळ नाहीत. पूर्वी रेडिओची वाट पाहावी लागे, आता बोटाच्या स्पर्शाला हवे ते गीत हजर होते. कमी झाले आहे ते एकत्र गाणे. कानात यंत्र घालून ऐकलेले गाणे कानातच राहते. भाषा होण्यासाठी ते ओठांवर यावे लागते. आजोळचे मुक्काम आखूड झाले, काही घरांची आजोळेही आता हिंदी मुलखातच आहेत. दोन पिढ्या असे चालले, तर मराठी घरात समजेल, पण बोलली जाणार नाही. आणि जी भाषा मूल केवळ समजते, ती ते आपल्या मुलाला देऊ शकत नाही.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. सुट्टी लागण्यापूर्वी प्रत्येक वर्गाने पाच मराठी गाणी तोंडपाठ करावीत, सुट्टीत घरातील वडीलधाऱ्यांकडून एक जुने गाणे मिळवावे आणि शाळा उघडताच ते वर्गात म्हणून दाखवावे. पालकांनी प्रवासात एक तास यंत्र बंद ठेवून भेंड्या लावाव्यात; पंच आजीच असावी. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या आठवणीतील गाणे चालीसह शाळेला द्यावे. साठ वर्षे शाळेने दहा महिने मराठी शिकवली. उरलेले दोन महिने घरांकडे आहेत, आणि पहिले गाणे याच उन्हाळ्यात म्हणता येईल.