पाट्या अनेक, तिजोरी एक

(शाखेच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मॅट्रिक शिकलेला माणूस. अर्थशास्त्र पुस्तकात नाही, यार्डात शिकलो. राजधानीचा डबा लाल, हमसफरचा निळा. प्रवाशाला दोन्ही निराळे वाटतात. पण कॅरेज-वॅगनचा आपला माणूस खाली वाकला की त्याला दिसते, बोगी तीच आहे. आज मोटारींच्या धंद्याकडे असेच खाली वाकून पाहू या.

रस्त्यावर फोक्सवॅगन दिसते, स्कोडा दिसते, ऑडी दिसते. श्रीमंत वस्तीत पोर्शे, बेंटली, लॅम्बोर्गिनी. स्पेनमध्ये सेआत. शिवाय डुकाटी मोटारसायकली, मान आणि स्कॅनियाचे ट्रक. या साऱ्या पाट्या जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे मुख्यालय असलेल्या एकाच फोक्सवॅगन समूहाच्या आहेत. ऑडी १९६०च्या दशकात घेतली, सेआत १९८६ साली. चेकोस्लोव्हाकियातील राजवट बदलल्यावर सरकारी स्कोडात १९९१ साली शिरकाव केला. बेंटली व लॅम्बोर्गिनी १९९८ साली आल्या. आपल्या पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनची टायगुन आणि स्कोडाची कुशाक एकाच कारखान्यात, एकाच सांगाड्यावर तयार होतात.

मग पाट्या वेगळ्या का ठेवतात? एक कारण उघड आहे. प्रत्येक खिशाला परवडेल अशी गाडी विकता येते. दुसरे कारण आपल्या कामाचे आहे. सांगाडा एकच असला की तेच काम या देशातून त्या देशात हलवणे सोपे जाते. मग व्यवस्थापन इथल्या कामगाराला म्हणते, तिकडचे स्वस्तात करतात, तुम्ही काय सोडता? आणि तिकडे जाऊन हेच इथल्याबद्दल सांगते.

ब्रुसेल्सच्या कामगारांनी हे भोगले. २००६ साली त्यांच्याकडची गोल्फ गाडी काढून घेतली, हजारो नोकऱ्या गेल्या. पुढे कारखान्यावर ऑडीची पाटी लागली. मागणी घटली म्हणून २८ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यालाही कायमचे टाळे लागले. सुमारे ३ हजार कामगार घरी गेले.

आता वोल्फ्सबुर्ग पाहा. या कंपनीचा जन्मच कामगारांच्या लुटीत आहे. २ मे १९३३ रोजी हिटलरच्या राजवटीने कामगार संघटना मोडल्या, त्यांची मालमत्ता जप्त केली. तो पैसा १९३७ नंतर या कारखान्याच्या उभारणीत गेला. युद्धकाळात तिथे वेठबिगार राबवले. युद्धानंतर कामगारांनी आपला हक्क सोडला नाही. आज कंपनीच्या देखरेख मंडळात २० सभासद आहेत, त्यांतले निम्मे कामगारांच्या बाजूचे. कारखाना उभारायचा वा हलवायचा तर दोन-तृतीयांश मते लागतात.

म्हणून १९९३ साली ३० हजार नोकऱ्या धोक्यात आल्या, तेव्हा संघटनेने आठवडा २८.८ तासांवर आणला. कमाई घटली, पण नोकऱ्या वाचल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे १ लाख कामगारांनी काम थांबवले. २०३० पर्यंत नोकरीची हमी मिळाली, कारखान्यांना लगेच टाळे लागले नाही. मात्र ३५ हजारांहून अधिक जागा हळूहळू कमी करण्यास मान्यता द्यावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतील चॅटनूगा येथे, २०१४ आणि २०१९ चे पराभव पचवून, कामगारांनी बहुमताने संघटना स्वीकारली.

कडू गोष्टही सांगतो. या समूहात कामगारांची जागतिक परिषद आहे. तरी वोल्फ्सबुर्ग टिकले आणि ब्रुसेल्स बुडाले. एका टेबलाशी बसणे म्हणजे एकजूट नव्हे. ज्याच्या दाराशी आग लागली नाही, त्यानेही बादली घेऊन धावले पाहिजे.

आपण धावतो का? माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका स्टेशनवर सफाईचे काम तीन ठेकेदारांकडे होते. तीन रंगांचे शर्ट. पगार तिघांचाही थकला. ती माणसे आमच्याकडे आली, तर मी म्हणालो, तुम्ही आमचे सभासद नाही. प्रत्येक मुकादम बोट दुसरीकडे दाखवी. शेवटी टपाल खात्यातला आपला एक साथी मला म्हणाला, “दादा, या तिन्ही नावांची पत्रे मी एकाच दारात टाकतो.” माझी मान खाली गेली. इतकी वर्षे बोग्या तपासणारा मी, मला ते दिसले नव्हते. मग तिन्ही शर्ट एकत्र आणले, एकच अर्ज केला, त्याच दारात गेलो. दोन महिन्यांचा पगार निघाला. तिसऱ्यासाठी अजून भांडावे लागले.

म्हणून माझे सांगणे एवढेच. आपल्या स्टेशनात, आपल्या टपाल कचेरीत ठेक्यावर राबणाऱ्या प्रत्येकाच्या पगाराच्या चिठ्ठीवर नाव कुणाचे आणि पैसा कुणाचा, हे शाखेच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या सभेला त्यांना शेजारी बसवा. मालक पाट्या कितीही बदलो, आपण खाली वाकून बोगी पाहायला विसरता कामा नये.

कामगार एकजुटीचा विजय असो!