खर्जाची पेटी

'पेटी' हा शब्द उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम हार्मोनियम उभी राहते. आज जिच्याविषयी बोलावयाचे योजिले आहे ती पेटी मात्र वाजवावयाची नव्हे. तिच्यातून खर्जाचा भरघोस स्वर बाहेर पडतो. परंतु तिने स्वतः चकार शब्द काढू नये, अशीच तिच्याकडून अपेक्षा असते. बास गिटार या वाद्याला लागणारी ध्वनिक्षेपकाची, म्हणजे स्पीकरची, पेटी ती हीच. हौशी सुताराच्या हातून ती घरच्या घरी कशी घडते, आणि ती घडविताना लाकडाविषयीचा आपला एक जुना समज कसा उलटा करावा लागतो, हे आज मी श्रोत्यांपुढे मांडणार आहे.

प्रथम वाद्याची थोडी ओळख. पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्ज धरण्याचे काम पूर्वी डबल बास करीत असे. माणसाच्या उंचीहून मोठे, पोकळ पोटाचे, उभे धरून वाजवावयाचे हे वाद्य वाहून नेणे म्हणजे एक दिव्यच. १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी घन लाकडाची, विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली. वादकाच्या खांद्यावरचे ओझे हलके झाले. पण त्याबरोबर वाद्याचे पोटही गेले. घन लाकडाची ही गिटार विजेवाचून जवळजवळ मुकी असते. तारेचे कंपन लोहचुंबकाजवळच्या वेटोळ्यात विजेचे रूप घेते, ती वीज वर्धकातून स्पीकरपर्यंत पोहोचते, आणि तेथे तिचा पुन्हा नाद होतो. म्हणजे वाद्य वादकाच्या हाती आणि त्याचे पोट चार हात दूर जमिनीवर! ते पोट म्हणजेच आपली पेटी.

आता आपल्या परिचयाचा तंबोरा आठवावा. मिरजेच्या कारागिराने भोपळा वाळवून त्यावर लाकडी तबली बसविलेली असते. नुसत्या तारेने हवा फारशी हलत नाही. तार तबलीला हलविते, आणि तबली व भोपळा मिळून हवेला हलवितात. तेथे लाकूड बोलते, आणि ते चांगले बोलावे म्हणूनच कारागीर जपून ते तासतो. पुरुषी गळ्यासाठी काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने करते. बास गिटारची सर्वांत जाड तार याहूनही खाली, सुमारे ४१ कंपनांवर असते. तेव्हा हौशी माणसाला सहज वाटते की, पेटीही तंबोऱ्याप्रमाणे पातळ, सुरेल लाकडाची करावी, म्हणजे ती छान घुमेल. येथेच गाडी घसरते. पेटी घुमली की प्रत्येक स्वराला तिचा एकच ठरलेला स्वर चिकटतो, आणि वादकाने काय वाजविले ते ऐकू येण्याऐवजी लाकडाला काय वाटले ते ऐकू येते. वाद्याचे लाकूड बोलके असावे. वाद्याचा निरोप पोहोचविणाऱ्याचे लाकूड मुके असावे.

मग पेटी हवीच कशाला? याचे उत्तर स्पीकरच्या घडणीत आहे. त्याचा कागदी शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पुढचा दाब कडेने वळसा घालून मागे पोहोचतो, आणि दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात. खर्जात हे विशेष जाणवते; कारण ४१ कंपनांच्या स्वराची लाट आठ मीटरांहून लांब असते, आणि तिला फूटभर रुंदीच्या स्पीकरला वळसा घालणे म्हणजे काहीच नव्हे. उघडा स्पीकर म्हणूनच किरटा वाजतो. मोठे भोक पाडलेल्या रुंद फळीवर तोच बसवावा. आवाज एकदम भरल्यासारखा होतो. पेटी म्हणजे अशीच एक फळी, मागे दुमडून बंद केलेली.

अशी बंद पेटी हा एक प्रकार. दुसरा प्रकार नळीच्या पेटीचा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे अल्बर्ट थुरास यांना १९३२ साली तिचे एकस्व मिळाले. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली असता जो घुमारा उठतो, तेच तत्त्व येथे आहे. नळीतली हवा हे वजन, आणि पेटीतली हवा ही स्प्रिंग. दोहोंचे माप जुळले की शंकूच्या मागे वाया जाणारा नाद खालच्या स्वरांना हातभार लावतो. किती मोठी पेटी आणि किती लांब नळी, हे पूर्वी बरेचसे अंदाजावर चाले. त्याला गणिताची शिस्त लावली ती ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी, १९६१ सालच्या निबंधात. आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते काम विस्तारले. आज स्पीकरबरोबर जे आकडे छापून येतात त्यांना या दोघांचेच नाव आहे, आणि त्यांवरून हिशेब करून देणारी साधने संगणकावर विनामूल्य मिळतात.

एक उदाहरण घेऊ. बारा इंची स्पीकरसाठी आतून ५० सेंटिमीटर उंच, ४० रुंद आणि ३२ खोल अशी पेटी धरली, तर आत ६४ लिटर जागा होते. स्पीकरचा मागचा भाग, नळी आणि आधाराच्या पट्ट्या यांनी चारेक लिटर व्यापली की साठ उरते. तिला १० सेंटिमीटर व्यासाची आणि सुमारे साडेआठ सेंटिमीटर लांबीची नळी बसविल्यास तिचा स्वर ५० कंपनांवर लागतो. तीच नळी १८ सेंटिमीटर केली, तर तो चाळिसाच्या आसपास उतरतो. अर्थात हे आकडे आंधळेपणाने घ्यावयाचे नाहीत. स्पीकर बदलला की हिशेबही बदलतो. शिवाय एक नियम कोणालाच चुकलेला नाही. लहान पेटी, खूप खालचा स्वर आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिहींपैकी कोणतेही दोनच मिळतात. तिसऱ्यावर पाणी सोडावे लागते.

आता सुतारकाम. लागणारे लाकूड म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचे, आत पोकळ्या नसलेले उत्तम प्लायवूड. आठ फूट बाय चार फुटांच्या अर्ध्याहून कमी तक्त्यात आपली पेटी होते. पैसे वाचविण्यासाठी १२ मिलिमीटरचे घ्यावे असा मोह होतो. परंतु फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दीडपट केली की वजन दीडपट होते, पण ताठपणा तिपटीहून अधिक वाढतो. आणि ताठपणा का हवा, याचाही हिशेब आहे. आपल्या पेटीच्या आतल्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ स्पीकरच्या शंकूच्या सुमारे अठरा पट भरते. म्हणजे सगळ्या भिंती मिळून शंकूच्या अठराव्या हिश्शाइतक्या जरी हलल्या, तरी त्या शंकूच्या बरोबरीने हवा ढकलतील. हे टाळण्यासाठी समोरासमोरच्या भिंतींना मधोमध आडवी पट्टी घालून जखडावे. फळीचा मोकळा विस्तार निम्मा झाला की तिचे कंपन खर्ज सोडून वर सरकते, आणि तेथे ते सहसा त्रास देत नाही.

समोरासमोरच्या फळ्या एकावर एक ठेवून एकाच वेळी कापाव्यात. म्हणजे त्या नेमक्या सारख्या निघतात. कडांना खाचा पाडून, सरस भरपूर लावून, शिकंज्यांनी आवळून रात्रभर ठेवावे. स्क्रू लावावेत, पण भिस्त सरसावरच असावी. आवळण्यापूर्वी गुण्या लावावा आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान भरले तर चौकट काटकोनात आहे. या कामात दोन प्रकारच्या कर्णांची साक्ष घ्यावी लागते: आधी भूमितीतल्या, आणि शेवटी आपल्या स्वतःच्या! करवत आणि काचकागद चालविताना नाकातोंडावर पट्टी अवश्य बांधावी. लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसांना हितकारक नाही.

यानंतरचे काम कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. आतल्या प्रत्येक सांध्यावर सरसाची आणखी एक धार बोटाने फिरवावी. स्पीकरच्या कडेखाली मऊ फोमची पट्टी घालावी. मग नळीचे तोंड हाताने घट्ट दाबून धरावे, मंद खर्जाचा स्वर लावावा, आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून हळूहळू फिरवावी. जेथे धुराची रेघ थरथरते, तेथे हवा निसटते आहे असे समजावे. शेवटी एक एक स्वर खालून वर चढत जावे. एखाद्याच स्वराला पेटी अचानक गुरगुरली, तर त्या स्वरावर थांबून भिंतींवर तळहात टेकावा. जी भिंत हाताला जागी लागेल, तिलाच आणखी एका पट्टीची गरज आहे. ही परीक्षा देण्यास कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

कोणी विचारील, तयार पेट्या बाजारात मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? पैशांची बचत होतेच असे मी म्हणणार नाही. लाकूड, स्पीकर आणि हत्यारे यांचा हिशेब मांडला, तर पहिली पेटी कित्येकदा महागच पडते. पण शिलाँगच्या किंवा पणजीच्या एखाद्या तरुणाने स्वतः बांधलेल्या पेटीतून आपल्या बासचा पहिला स्वर ऐकला, की त्याला कळलेले असते की हा स्वर कोठून येतो, कोठे अडतो आणि कशाने बिघडतो. पुढे तो जे काही ऐकेल ते अधिक जाणतेपणाने ऐकेल. शिवाय बिघडले तर खोलावयाचे कसे, हेही त्याला ठाऊक असते. विकत घेतलेल्या वस्तूबरोबर हे ज्ञान मिळत नाही.

हौशी सुताराला स्वाभाविकच वाटते की, आपले काम लोकांनी पाहावे, वाखाणावे. या पेटीत ते समाधान थोडेच आहे. बाहेरून काळा रंग आणि जाळीचे कापड. आतल्या खाचा, पट्ट्या आणि सरस कोणी बघत नाही. काम उत्तम साधले असेल, तर ऐकणारा वादकाची तारीफ करतो, आणि पेटी कोणाच्या ध्यानातही येत नाही. ज्याने ती बांधली त्याने गर्दीत मागे उभे राहून तेवढे ऐकावे, आणि घरी परतताना ती बारा-पंधरा किलोंची पेटी, वर स्पीकरचे वजन धरून, दुसऱ्या कोणाच्या मदतीने उचलावी.