टाळेबंदीची दोन पारडी



चालकांनी आजच्या व्याख्यानासाठी ‘टाळेबंदी योग्य होती की अयोग्य’ असा विषय सुचविला, तेव्हा आम्ही त्यांना एकच विनंती केली की, निकाल मागण्याआधी आम्हाला हिशेब मांडू द्या. वादसभेत दोन पक्ष असतात आणि शेवटी टाळ्या मोजतात. येथे मोजावयाची आहेत ती माणसे, आणि ती दोन्ही बाजूंना आहेत. एका बाजूला प्राण आणि दुसऱ्या बाजूला पैसा अशी या प्रश्नाची मांडणी वर्तमानपत्रांतून नेहमी होते. ती आम्हाला मान्य नाही. मजुरी थांबली की चूल थांबते, आणि चूल थांबली की तिच्याभोवती बसणाऱ्यांचे प्राणही पणाला लागतात, हे मोखाड्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

‘टाळेबंदी’ हा शब्दच पाहा. बोईसरच्या कामगाराला तो नवा नव्हता. कामगाराने काम बंद केले तर संप आणि मालकाने कारखान्याला कुलूप लावले तर टाळेबंदी, हा अर्थ १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून रुळलेला आहे. त्या टाळेबंदीत समोर मालक असतो, पाठीशी युनियन असते, दाद मागावयास कामगार न्यायालय असते. २०२० साली कुलूप लागले ते साऱ्या देशाला, आणि दाद कोठे मागावयाची हे कोणालाच उमगेना.

घटनाक्रम आपल्या स्मरणात असेलच, तरी तारखा सांगतो. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच रात्री मुंबईच्या लोकलगाड्या थांबल्या. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांच्या देशव्यापी टाळेबंदीची घोषणा केली आणि मध्यरात्री ती सुरू झाली. मध्ये चार तास. चार तासांत मुंबईहून पालघरला परत येणे एखाद्याला साधेल. बोईसरहून जौनपूरला किंवा गंजामला जाणे कोणाला साधणार? शिवाय गाड्या तर आधीच बंद झालेल्या होत्या.

राज्यकर्त्यांची बाजूही सरळ मनाने मांडली पाहिजे. रोग नवा होता. इटलीतील रुग्णालयांची चित्रे रोज येत होती. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास, कित्येकांच्या मते त्याहूनही पुष्कळ अधिक माणसे नेली, हे इतिहास जाणणारा विसरू शकत नव्हता. आणि आपला पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ रोजी जन्मलेला. जिल्हा रुग्णालयाची इमारतसुद्धा तोवर पुरी झालेली नव्हती. अशा स्थितीत दोन-तीन आठवडे सर्व थांबवून खाटा, प्राणवायू आणि तपासण्या यांची तजवीज करावयाची, हा विचार वेडगळ नव्हता. टाळेबंदीने रोग जात नाही, वेळ मिळते. ती उसनी घेतलेली वेळ आहे. म्हणून दोन प्रश्न ओघानेच येतात. त्या वेळेचे आपण काय केले, आणि तिचे व्याज कोणाच्या खिशातून गेले?

व्याजाचे आधी पाहू. तारापूरची औद्योगिक वसाहत आपल्या उंबऱ्यावर आहे. हजाराच्या वर कारखाने, रसायनांचे, औषधांचे, कापडाचे, पोलादाचे. औषधांचे कारखाने अत्यावश्यक म्हणून चालू राहिले, अणुवीज केंद्रालाही सुट्टी घेता येत नव्हती. पण यंत्रमाग थांबले, आणि माग थांबला की त्या मागावरच्या माणसाची कमाई त्याच दिवशी थांबते. अवधनगर, सरावली येथल्या खोल्यांतून सहा-सहा, आठ-आठ माणसे पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा आडवा व्हावयाचा. कारखाने बंद झाल्याबरोबर दोन्ही पाळ्या एकाच वेळी एका खोलीत आल्या. ‘अंतर राखा’ असे त्यांना सांगणे म्हणजे काय, याची कल्पना आपणच करावी. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडवस्तीत तपासलेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के लोकांना रोगाचा संसर्ग होऊन गेलेला आढळला. इतर वस्तीत हेच प्रमाण सुमारे १६ टक्के. एकाच शहरात, एकाच हुकुमाखाली! ज्यांच्या घराला दार, खिडकी आणि वेगळी खोली होती, त्यांचे संरक्षण टाळेबंदीने बरेच केले. ज्यांनी तिच्यापायी मजुरी गमावली, त्यांच्या वाट्याला ते संरक्षणही पुरते आले नाही. आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

कारखाना म्हणजे दिवा नव्हे की बटण दाबून विझवावा आणि पुन्हा पेटवावा. रसायनांची भांडी, टाक्या, थंड ठेवण्याची यंत्रे यांना जाणता माणूस लागतो. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमजवळ, टाळेबंदीनंतर पुन्हा चालू होऊ पाहणाऱ्या कारखान्यातून वायू सुटला आणि आसपासची माणसे झोपेत दगावली. तारापुरात जानेवारी २०२० मध्येच मोठा स्फोट होऊन गेला होता. १३ एप्रिलला, ऐन टाळेबंदीत, एका कारखान्यात पुन्हा स्फोट होऊन दोन कामगार गेले. त्यांची नोंद साथीच्या आकड्यांत कोण कशाला करील?

मग १ मेपासून श्रमिक गाड्या निघाल्या. त्याआधी अर्ज भरावयाचा, पोलीस ठाण्यात द्यावयाचा, डॉक्टरचा दाखला जोडावयाचा. ज्या गर्दीला भिऊन देश बंद केला, तीच गर्दी दाखल्यासाठी दवाखान्यांच्या दारात उभी राहिली. २१ मेला वसई रोडहून गोरखपूरला निघालेली एक गाडी ओडिशातील रूरकेल्याला जाऊन पोहोचली. रेल्वेने सांगितले की, मार्गांवर दाटी झाल्याने गाडी मुद्दाम वळविली होती. तसे असेलही, पण आत बसलेल्या माणसाला हे कोणी सांगितले होते का? एकंदर ६३ लाखांच्या आसपास माणसे या गाड्यांनी गेली. त्यांपैकी ९७ जण गाडीतच मरण पावले, असे सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितले. ज्यांना गाडी मिळाली नाही ते चालू लागले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. आणि वाटेत एकूण किती मजूर दगावले, असे लोकसभेत विचारले गेले, तेव्हा उत्तर मिळाले की अशी माहिती ठेवलेली नाही.

या उत्तरापाशी आम्ही थोडे थांबणार आहोत. तराजूची गोष्ट सारेजण बोलतात; पण एका पारड्यात रोज संध्याकाळी वजने पडत होती, इतके बाधित, इतके मृत, जिल्हावार, तालुकावार; आणि दुसऱ्या पारड्याला कोणी हातच लावीत नव्हते. मग ते हलके दिसणारच. २०१९ साली देशात क्षयाचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले. २०२० साली १८ लाख. क्षय कमी झाला म्हणून का? तो शोधणारे दुसरीकडे गुंतले होते आणि रुग्ण घरात अडकले होते. सहा लाख माणसांचा खोकला कोणी ऐकला नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

जव्हार-मोखाड्यात तर तराजू हा शब्द अक्षरशः खरा आहे. १९९२ साली वावर-वांगणीत बालके गेली तेव्हापासून या डोंगरात कुपोषण ओळखण्याचे मुख्य साधन म्हणजे अंगणवाडीतला वजनकाटा. मुलाला महिन्याच्या महिन्याला त्यात घालावयाचे आणि तक्त्यावर टिंब मांडावयाचे. २०२० मध्ये अंगणवाड्या बंद झाल्या. गरम आहाराच्या जागी शिधा घरी गेला. आमच्या अंगणवाडी सेविकांनी तो डोक्यावरून पाड्यापाड्यांत नेला, शिवाय साथीची घरोघर पाहणीही केली, हे त्यांचे ऋण आहे. पण वजने घेण्यात खंड पडला. ज्या काळात मूल घटत असण्याची भीती सर्वांत अधिक, त्याच काळात काटा गुंडाळून ठेवलेला. त्यात भर म्हणजे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कातकरी, वारली कुटुंबे वसई-भिवंडीकडे भट्ट्यांवरच अडकली. आदिवासी कुटुंबांना चार हजार रुपयांचे खावटी अनुदान, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने, मंजूर झाले तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. पावसाळा, म्हणजे या भागातला उपासमारीचा मोसम, तोवर सरत आला होता.

शाळांचे तसेच. मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण महाराष्ट्रात उघडले ते डिसेंबर २०२१ मध्ये. पावणेदोन वर्षे! दारूची दुकाने, उपाहारगृहे आधी उघडली. स्वीडनसारख्या देशाने लहान मुलांच्या शाळा बंदच केल्या नाहीत. त्या देशाचे सारेच अनुकरणीय होते असे नव्हे, पण मुलांना शेवटी न ठेवता आधी ठेवता येते, एवढे त्यावरून दिसते. मोबाईलवर शिक्षण चालू होते असे म्हणणाऱ्यांनी विक्रमगडच्या पाड्यावर जाऊन यावे. ‘असर’च्या पाहणीत देशातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी २०१८ साली २७.३ टक्के होती. २०२२ साली ती २०.५ टक्के झाली.

आणखी एक वजन आहे, ते भीतीचे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात गडचिंचले येथे, मुख्य रस्ते बंद म्हणून आडवाटेने निघालेल्या दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला जमावाने ठार मारले. चोर आणि मुले पळविणारे फिरतात अशी अफवा त्याआधी कित्येक दिवस पसरलेली होती. टाळेबंदीने हे घडविले असे म्हणणे अन्यायाचे होईल; मारणारे हात माणसांचे होते. परंतु नाक्यानाक्यावर रात्रीचे पहारे, परका दिसला की संशय, आणि बाजारात किंवा चावडीवर भेटून अफवेचा खरेखोटेपणा करण्याची सोय नाही, असे ते दिवस होते. यावर पुढे जे राजकारण झाले त्यात आम्ही शिरत नाही.

आता उसन्या घेतलेल्या वेळेचे. वर्ष उलटले आणि एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. खाटांसाठी वसई-विरारची माणसे रात्रभर फिरली. प्राणवायूच्या नळकांड्यासाठी आपल्यापैकी कित्येकांनी ओळखीपाळखी पणाला लावल्या. २३ एप्रिलच्या पहाटे विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि १३ रुग्ण त्याच दिवशी गेले. जागतिक आरोग्य संघटनेने त्या दोन वर्षांतील भारतातील अधिकचे मृत्यू ४७ लाख धरले. भारत सरकारने ही रीतच अमान्य केली. सरकारी नोंद २०२१ अखेर पाच लाखांच्या आतली आहे. खरा आकडा कोठेही असो, रोग खोटा होता, टाळेबंदी हे निव्वळ थोतांड होते, असे म्हणणाऱ्यांची गाठ त्या एप्रिलशी आहे. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही.

मात्र त्याच एप्रिलमध्ये एक गोष्ट अधिक शहाणपणाने झाली. १४ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्राने पुन्हा निर्बंध लावले. पण यावेळी कितीतरी कारखाने नियम घालून चालू ठेवले, गाड्या धावत राहिल्या, आणि निर्बंधांच्या घोषणेतच ५,४७६ कोटी रुपयांची तरतूद सांगितली. शिधापत्रिकेवर महिन्याचे मोफत धान्य, नोंदलेले बांधकाम कामगार, फेरीवाले व रिक्षावाले यांना दीड हजार, आदिवासी कुटुंबांना दोन हजार. रक्कम तुटपुंजी होती. दीड हजारात रिक्षावाल्याचा हप्ता भागत नाही. पण जो थांबवितो त्याने थांबलेल्याचे द्यावे, हे तत्त्व हुकुमाच्या त्याच कागदावर आले. २०२० साली ते तत्त्व मालकांवर ढकलले होते. २९ मार्चला केंद्राने पगार कापू नका म्हणून आदेश काढला, मे महिन्यात तो मागे घेतला, आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांना आपसांत बोलणी करावयास सांगितले. बोईसरच्या कंत्राटी मजुराने कोणाशी बोलणी करावयाची? त्याचा कंत्राटदार फोन उचलीत नव्हता.

आपल्या तालुक्यात तर हे तत्त्व जुने आहे. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. त्यांचे पुनर्वसन नीट झाले असे आम्ही म्हणणार नाही. तक्रारी वर्षानुवर्षे चालल्या. तथापि सर्वांच्या विजेसाठी ज्याचे घर गेले त्याला भरपाई दिली पाहिजे, याविषयी वाद कधी नव्हता. सर्वांच्या आरोग्यासाठी ज्याची मजुरी गेली त्याला मात्र आपण ‘दुर्दैवी’ म्हटले आणि खिचडीचे पुडे वाटले. येथे बसलेल्या आपणा बहुतेकांचा पगार किंवा निवृत्तिवेतन त्या महिन्यांत चालू होते. तेव्हा हा हिशेब मांडताना आपण देणेकऱ्यांच्या बाजूला बसलो आहोत, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून आम्हाला विचाराल तर, पहिले तीन आठवडे समर्थनीय. चार तासांची मुदत असमर्थनीय. गाड्या सोडण्यास लागलेला महिना त्याहून असमर्थनीय. आणि शाळांची पावणेदोन वर्षे यांना तर समर्थनच सापडत नाही.

पुढे काय करावे याविषयी एकच सूचना करून थांबतो. परप्रांतीय मजुरांची नोंद ठेवण्याचा कायदा १९७९ सालचा होता. तो नीट पाळला असता तर बोईसरमध्ये कोणत्या राज्याचे किती मजूर आहेत हे मे २०२० मध्ये ठाण्याच्या ओट्यावर अर्ज गोळा करून शोधावे लागले नसते. ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रमची नोंदणी सुरू झाली. त्या नोंदणीत आपल्या वसाहतीतली, आपल्या भट्ट्यांवरची, आपल्या घरी धुणीभांडी करणारी किती माणसे आली आहेत, हे ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने पाहावे. व्याख्यानानंतर ज्यांना या कामात हात लावावयाचा असेल त्यांनी चालकांकडे नावे द्यावीत. सरावलीपासून सुरुवात करता येईल.